पुणे सोडून वर्धा जिल्ह्यात राहायला जावं का? अनुभव हवेत

मोगरावेल
नमस्कार. गेले चार महिने घरात हा एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारते.

आम्ही पुण्यात खराडीला भाड्याने राहतो. दोन बेडरूमचं भाडं ३४ हजार, वर मेंटेनन्स वेगळा. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, काम घरूनच. मी भाषांतरं करते, तीही घरूनच. मुलगी तिसरीत. नवऱ्याचं गाव वर्धा जिल्ह्यात आहे, पुलगाव स्टेशनपासून तासाभरावर. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून सासरे गावात एकटेच आहेत, वय ७४. तिथून ११ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावात तीन खोल्या, अंगण आणि विहीर असलेलं घर ७ हजार भाड्याने मिळतंय. घरमालक म्हणतात, पुढेमागे विकतही देऊ. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लहान गाव आहे, लगेच ओळखतील.)

हिशेब कागदावर मांडला तर निर्णय सरळ दिसतो. पण मी साताऱ्याची, आणि विदर्भात सलग चार दिवसांच्या वर कधी राहिलेले नाही. ज्यांनी असं केलंय त्यांना जमलं का? आणि गेल्यावर असं काय कळलं, जे आधी कुणी सांगितलं नव्हतं?

माधवकाका
ते चार दिवस कुठल्या महिन्यातले, हे आधी सांगा.

मोगरावेल
काका, एकदा डिसेंबरात आणि एकदा पोळ्याला.

वावरवाला
ताई, मी तिकडचाच हाओ, पुलगाव लायनीचा. तुमी येऊन राह्यल्या हे वाचून बरं वाटलं. पण इकत घ्याच्या आंदी एक उन्हाळा भाड्याच्या घरात काढून पाहा, मार्च ते जून. एप्रिलात सकाळी नवाले ऊन चढलं का संध्याकाळी सहा वाजेपावतर रस्त्यावर मानूस दिसत नाई. मे सरता सरता नवतपा लागते, ते नऊ दिवस त बाहीर निंघूच नोका. ४५ म्हंजे आमाले काई विशेष वाटत नाई, तुमाले वाटन.

एसीच्या भरवशावर राहू नोका, लाईन गेली का तो नुसता डब्बा. इन्व्हर्टरवर चालन असा मोठा कुलर घ्या, वाळ्याच्या ताट्या लावा. आन कुलर मार्चातच घ्या, एप्रिलात भाव चढते. आमचा मोठा कुलर दिवसाले चार बादल्या पानी पेते. म्हून घर पाहाले जान तवा खोल्या मांगून पाहा, पह्यले विहिरीत मे महिन्यात किती पानी राह्यते ते शेजाऱ्याले इचारा. मालकाले नोका इचारू.

रेघोटी
मी उलट अनुभव सांगते. आम्ही २०२२ मध्ये ठाण्याहून यवतमाळ जिल्ह्यात गेलो आणि सात महिन्यांत परत आलो. ऊन, पाणी, माणसं, कशाबद्दलच तक्रार नव्हती. नवऱ्याच्या कंपनीने एका शुक्रवारी मेल पाठवला की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचं. घरून काम कायमचं आहे, असं मॅनेजर नुसतं तोंडी म्हणाले होते. ठाण्यातलं घर सोडलेलं, मुलाचा दाखला काढलेला, सामानाच्या ट्रकचे पैसे दोनदा गेले. परत आल्यावर त्याच सोसायटीत घर मिळालं, पण सहा हजार जास्त भाड्याने.

एचआरकडून लेखी घ्या. ते देत नसतील तर तेच उत्तर समजा.

पिंपळपार
रेघोटी यांच्याशी सहमत, पण लेखी घेतलं तरी ते बदलू शकतं. आम्ही वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच निघालो. आज चार वर्षं झाली, वाशीम जिल्ह्यात आहोत, परत जायचा विचारही येत नाही.

इंटरनेटचं सांगतो. फायबर चांगलं चालतं, चाललं नाही तर कारण बहुतेक वेळा जेसीबी असतो. नाली खोदताना वायर तोडतात आणि जोडायला दोन दिवस लागतात. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं ठेवा, आणि तिसरा आधार मोबाइलचा. मृगाच्या आधी वादळं येतात, झाडं तारांवर पडतात. एकदा आमची लाईट चौदा तास नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी मोठी घ्या.

दगडमाती
मी सिव्हिल इंजिनिअर, अमरावतीकडे कामं करतो. भाड्याने राहणार असाल तर ठीक, पण 'पुढेमागे विकत' हे शब्द वाचले म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावरच उभं असेल तर तेही दरवर्षी थोडंथोडं वर-खाली होतं. घर बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका, दार-खिडक्यांचे कोपरे पाहा. कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेलेली असेल आणि नुकतीच बुजवून रंगवलेली असेल, तर पाया मुरमापर्यंत गेलेला नाही असं समजा. माझ्या सख्ख्या काकांनी पैसे वाचवायला तीन फुटांवर पाया थांबवला. चौथ्या वर्षी देवघराच्या भिंतीतून अंगणातला उजेड दिसायला लागला. मुरूम लागेपर्यंत खोदायचं आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा) घालायचाच, यात काटकसर नाही.

दुसरी गोष्ट कागद. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना 'नझूल' हा शब्द माहीत नसतो. विदर्भातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत बऱ्याच जुन्या जागा नझूलच्या, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेल्या असतात. पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झालंय का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. तुमच्याकडचं प्रॉपर्टी कार्ड म्हणजे आमच्या विदर्भातली आखीव पत्रिका, ती मागा. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना ८ पाहा, पण तो कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

तिसरी गोष्ट शेतजमीन. शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही, विदर्भासाठी त्याचा कुळवहिवाट कायदाच वेगळा आहे, १९५८ चा. सासऱ्यांच्या नावावर सातबारा असेल तर तुम्हाला ही अडचण यायची नाही. पण जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नको.

अनुजा_दर्यापूर
सगळे 'विदर्भात पाणी' असं म्हणताहेत म्हणून लिहिते. विदर्भ सगळीकडे सारखा नाही. आम्ही खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा भाग असा आहे की विहीर कितीही खोदा, पाणी खारटच लागतं. डाळ शिजत नाही, केस चिकट होतात, तांब्याला पांढरं पुट चढतं. माझी आजी पावसाचं पाणी रांजणात साठवायची आणि ते फक्त चहा आणि वरणासाठी वापरायची. आता नळयोजना आहेत, कॅन मिळतात, तरी पाहुणा आला की अजूनही आधी विचारतो, 'तुमच्याकडचं पाणी गोडं का?'

मोगरावेलताई, वर्ध्याकडे हा प्रश्न नाही. ज्या कुणाला हा धागा वाचून आमच्या भागात स्वस्त प्लॉट दिसेल, त्यांच्यासाठी लिहिलं.

सुगरण
ताई, तुम्ही साताऱ्याच्या ना? मग बाजारात पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी नाशिकची, लग्न होऊन हिंगणघाटला गेले. सासूबाई म्हणाल्या, 'सांबार निवडून ठेव.' मी अर्धा तास तुरीची डाळ निवडत बसले! त्या आल्या, ताटाकडे बघितलं, आणि इतक्या हसल्या की शेजारच्या काकू धावत आल्या. त्याच दिवशी त्यांनी मला सांबारवडी शिकवली. आज माझी सांबारवडी त्यांच्यापेक्षा बरी होते, असं त्या स्वतः सांगतात.

वावरवाला
सुगरणताई, आन टमाटरले भेदरं म्हंते हे बी सांगून द्या त्याईले.

निळीपेन्सिल
पुलगावचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. पुलगाव ते आर्वी छोटी रेल्वे होती, शकुंतलेच्याच (यवतमाळ–मूर्तिजापूरची ती छोटी गाडी) कुटुंबातली. कापूस मोठ्या लाईनवर आणायला इंग्रजांच्या काळात हे फाटे टाकले. यवतमाळ–मूर्तिजापूरच्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. मी लहानपणी आजोबांबरोबर तिच्यातून गेलोय. कारंज्याजवळ गाडी थांबली आणि गार्डने स्वतः खाली उतरून फाटक लावलं, गाडी पुढे गेल्यावर उघडलं आणि पळत येऊन चढला. ते रूळ गवतात पाहिले की अजून पोटात तुटतं.

माधवकाका
निळीपेन्सिल, आठवण फार छान. आता मोगरावेलच्या कामाचं सांगतो. पुण्याला येण्याजाण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी झालीय. महाराष्ट्र एक्सप्रेस, आझाद हिंद आहेतच, २०२५ च्या ऑगस्टपासून अजनी–पुणे वंदे भारत वर्ध्याला थांबते. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि रात्री सलग चालवू नका. सरळ रस्त्याने डोळा लागतो.

पऱ्हाटी
वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, सध्या हडपसरला आठ जणांच्या खोलीत राहतो. तुम्ही जिथून निघताय तिथे मी आलोय, आणि तुम्ही जिथे चाललात तिथून.

तुम्हाला आमचं गाव स्वस्त वाटतं, कारण तिथल्या माणसाची कमाई कमी आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमची कपाशी खाल्ली, त्या वर्षीचं कर्ज वडील अजून फेडताहेत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात व्यापारी चार हजारांच्या आसपास बोलत होते. घर सात हजाराने मिळतं, कारण गावात दहा हजार देणारा माणूस नाही.

राग नाही, ताई. या, जरूर या. तुमच्यासारखे चार लोक आले तर गावात चार कामं उभी राहतील. फक्त दोन गोष्टी करा. कामाला येणाऱ्या मावशींना पुण्याचा नाही तरी निम्मा तरी दर द्या, 'इथे एवढाच चालतो' म्हणून घासाघीस नको. आणि तुमच्या मिस्टरांना म्हणावं, कॉम्प्युटर शिकलेली पोरं तालुक्यात रिकामी बसली आहेत, त्यातल्या एखाद्याला हाताशी धरा.

मोगरावेल
पऱ्हाटी, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला होता. आमच्या हिशेबाच्या कागदावर मावशींसाठी पंधराशे लिहिले होते. ते खोडले.

बोधी
अजून एक विषय, कुणी काढला नाही म्हणून. घर भाड्याने घेताना 'आडनाव काय?' हा पहिला प्रश्न असतो. मी बौद्ध. बँकेच्या बदलीने तालुक्याच्या गावी गेलो तेव्हा तीन घरं बघून ठरली आणि आडनाव सांगितल्यावर तिन्ही 'आमच्या पाहुण्याला द्यायचंय' झाली. चौथं मिळालं. तिथे सहा वर्षं राहिलो, घरमालकीणबाई माझ्या मुलाला अजून फोन करतात. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीतून दीक्षाभूमीला गाडी जायची, त्या स्वतः शिदोरी बांधून द्यायच्या.

पुण्यातही मला हे विचारलं गेलंय, जरा फिरवून. ज्यांना हा प्रश्न येणार आहे त्यांनी आधी बदलून आलेल्या नोकरदारांना, शिक्षकांना विचारावं, घर लवकर मिळतं.

ड्यूटीनर्स
मी २१ वर्षं सरकारी दवाखान्यात आहे, विदर्भातल्याच. सासरे ७४ वर्षांचे म्हणून मुद्दाम लिहिते.

रात्री छातीत दुखलं तर 'सकाळी बघू' नको. खासगी गाडी शोधण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा, ती मोफत आहे. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, तिथे ईसीजी काढून पहिलं औषध सुरू होतं, मग पुढे. तुम्हाला वर्धा जवळ आहे हे नशीब समजा. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे, गावातल्या माणसांसाठीच उभं राहिलेलं. सावंगीचं मेडिकल कॉलेज आहे, नागपूरला एम्स आहे.

दुसरं साप. पावसाळ्यात मुलीला जमिनीवर झोपवू नका. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मण्यार रात्री चावते आणि फारसं दुखत नाही, माणूस उठतो तेव्हा पापण्या उघडत नसतात. चावल्याचा नुसता संशय आला तरी सरळ सरकारी दवाखाना, लस तिथे असते. बांधणं, चिरणं, मांत्रिक यात गेलेली मिनिटं आम्हाला परत देता येत नाहीत. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळकळीने लिहिते.

पाटीपुस्तक
शाळेचं. तालुक्याच्या गावी सेमी इंग्रजी आणि एखादी सीबीएसई बहुतेक मिळते. बरेच लोक नवोदयच्या आशेने गावाकडे येतात, म्हणून सांगतो: नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. तुमची मुलगी पुण्यात तिसरीत आहे, शिवाय नगरपरिषदेचं गाव शहरी धरतात. तेव्हा त्या कोट्यावर भिस्त ठेवू नका.

अंगणातली
मोगरावेल, तू विचारलंस ना, आधी कुणी काय सांगितलं नव्हतं? मला हे सांगितलं नव्हतं की घरून काम करणारी बाई म्हणजे घरी असलेली बाई.

आम्ही औरंगाबादहून उमरखेडकडे गेलो. पहिल्या महिन्यात सकाळी अकराला कुणी ना कुणी दारात. 'काही नाही, सहज आली, तुम्ही घरीच असता ना.' प्रेमाने येतात, हातात काहीतरी असतं, लोणचं, नवी तूर, बोरं. मी लॅपटॉप बंद करायचे, चहा टाकायचे आणि रात्री दोनपर्यंत जागून काम पुरं करायचे. नवऱ्याचा लॅपटॉप मात्र कुणी बंद करायला लावला नाही. तो 'मीटिंगमध्ये' असायचा.

शेवटी मी गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या आजींकडे गेले आणि खरं सांगितलं, की आजी, दहा ते पाच माझी नोकरी असते, पगार मिळतो. त्यांनी पगार विचारला. मी सांगितला. दुसऱ्या दिवसापासून अकराला कुणी आलं नाही, आणि पाच वाजता त्या स्वतः ओट्यावर बसून हाक मारायला लागल्या, 'सुटली का वो तुझी कचेरी?' आजी आता नाहीत. पाच वाजले की माझं लक्ष अजून ओट्याकडे जातं.

रेघोटी
अंगणातली, डोळ्यांत पाणी आलं.

माधवकाका
सगळं वाचलं. मोगरावेल, एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये घराचं भाडं आहे, मुलगी आहे, नवऱ्याची नोकरी आहे. सासऱ्यांचं वय आहे, पण त्यांना काय हवंय ते नाही. त्यांना विचारलंत का?

मोगरावेल
काका, नाही विचारलं. त्यांना बरंच वाटेल असं आम्ही धरून चाललो होतो. दिवाळीला आठ दिवस जातोय, तेव्हा विचारते. इथली सगळी उत्तरं वहीत उतरवून घेतली आहेत.

मोगरावेल
परत आले. जरा मोठं लिहिते.

सासऱ्यांना दुसऱ्याच दिवशी विचारलं. ते ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होते. हात न थांबवता म्हणाले, 'माह्यासाठी येत असान त नोका येऊ. मी तालुक्याले राहाले येनार नाई, माहं वावर इथं हाये. तुमाले तुमच्यासाठी यायचं असन त या.' मला ते आधी लागलं. रात्री नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला, बाबांना आपलं ओझं नकोय. आपण त्यांचं ओझं घ्यायला आलोय असंही त्यांना वाटायला नकोय. तिसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, 'पोरीची शाळा पाह्यली का?' आणि आमच्याबरोबर एसटीने शाळा बघायला आले. वर्गात जाऊन बाकावर हात टेकून वाकून बघितलं, पक्कं आहे का.

घर पाहिलं. दगडमाती, तुम्ही म्हणालात तसे कोपरे पाहिले. मागच्या खोलीच्या दारावर तिरपी भेग आहे, रंग ताजा आहे. विकत घेण्याचा विषय तिथेच संपला. भाड्याने मात्र घेतोय, फेब्रुवारी ते जूनअखेर. पुण्यातलं घर तोवर सोडत नाही, पाच महिने दोन्ही भाडी भरू. सगळे वेड्यात काढताहेत, पण रेघोटींचा अनुभव वाचल्यावर हे पैसे मला जड वाटत नाहीत. मुलीची चौथी जूनमध्ये जिथे ठरेल तिथे. तिसरीचे शेवटचे दोन महिने तिच्या बाईंनी घरून करायची परवानगी दिलीय, परीक्षेला पुण्याला जाऊ. कंपनीला लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही.

सासरे गावातच राहतील. बाजार मंगळवारचा असतो. मंगळवारी ते येणार, जेवून, मुलीला भेटून शेवटच्या गाडीने परत. हे त्यांनीच ठरवलं. आम्ही शनिवारी तिकडे.

वावरवाला
ताई, लय चांगलं केलं. विहिरीचं शेजाऱ्याले इचारलं का?

मोगरावेल
विचारलं. मे महिन्यात दोन परस (दोन माणसांच्या उंचीएवढं) पाणी राहतं, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. नळ एक दिवसाआड, सकाळी सव्वासहाला, चाळीस मिनिटं. कुलर मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेणार आहे. वाळ्याच्या ताट्या वर्ध्याला कुठे चांगल्या मिळतात?

वावरवाला
मी आनून देतो. खिडकीचं माप पाठवा.